सीमेपूर्वीचे साक्षी

२०२५ सालच्या जानेवारीच्या २५ तारखेस छत्रपती संभाजीनगर येथे न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर निवर्तले. त्याच वर्षी १४ ऑगस्ट रोजी कलबुर्गी येथे श्री शरणबसवेश्वर संस्थानचे आठवे पीठाधिपती डॉ. शरणबसप्पा अप्पा लिंगैक्य झाले. पहिल्या वार्तेचा शोक मराठीत झाला, दुसरीचा कानडीत. ही दोन नावे एका लेखात शेजारी मांडावीत असे सहसा कोणास सुचणार नाही. एक न्यायाधीश व ग्रंथकार, दुसरे देवस्थानाचे अधिपती. एकाची कर्मभूमी मराठवाडा, दुसऱ्यांची गुलबर्गा. दोघांच्या कार्याची जातकुळीच निराळी. तथापि माझ्यासारख्या या सीमाभागात वकिली करणाऱ्या मनुष्याच्या मनात ती दोन नावे एकत्र आली, आणि तसे का झाले हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

कारण तसे साधे आहे. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली तेव्हा चपळगावकर दहा वर्षांचे होते, अप्पा बारा वर्षांचे. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली तेव्हा एक अठरा वर्षांचा तरुण, दुसरा एकविसाव्या वर्षात. म्हणजे दोघांचेही बालपण आणि तारुण्याचा उंबरठा अशा एका राज्यात गेला की जे आज नकाशावर नाही. त्या हैदराबाद राज्यात बीडचा मुलगा आणि गुलबर्ग्याचा मुलगा एकाच सरकारची रयत होते. एकच उर्दू दोघांच्या घरातील कागदपत्रांवर होती, आणि हैदराबाद शहर ही दोघांचीही राजधानी होती. पुढे त्या राज्याचे तीन तुकडे झाले. तुकडे झाले ते योग्यच झाले असे माझे मत आहे. लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा यात दुमत नसावे. परंतु राज्य विभागता येते तशी आठवण विभागता येत नाही, आणि विभागली तर तिचा बराचसा भाग कोणाच्याच वाट्यास येत नाही.

बिदर जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. पुनर्रचनेच्या कायद्याने त्या जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. ते आज लातूर जिल्ह्यात आहेत. जहिराबाद व नारायणखेड आंध्रकडे गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, औराद हा मुलूख म्हैसूरकडे राहिला. या वाटणीने गावांची नावे बदलली नाहीत, सोयरीकही तुटली नाही. निलंग्याची लेक भालकीत आणि भालकीची लेक उदगीरला आजही नांदते. बदलले ते एवढेच की शाळेत मुलाच्या हाती जे इतिहासाचे पुस्तक पडते त्यात सीमेपलीकडचा मनुष्य येत नाही. सेतुमाधवराव पगडी हे निलंग्याचे. मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने मराठीत आणणारा हा पंडित १९१० साली जन्मला तेव्हा निलंगा बिदर जिल्ह्यात होते. आज बिदरच्या शाळेत त्यांचे नाव कोणी सांगत असेल असे मला वाटत नाही.

आता अप्पांविषयी. आमच्या वाचकांपैकी जे गाणगापूरच्या यात्रेस जातात त्यांतील बरेचजण कलबुर्गीस उतरून शरणबसवेश्वराचे दर्शन घेऊनच पुढे जातात. होळीनंतर पाचव्या दिवशी, म्हणजे आपल्या रंगपंचमीच्या सुमारास, तेथे रथोत्सव होतो आणि सोलापूर-अक्कलकोटाकडील मराठी माणूसही त्या गर्दीत असतो. मूळ शरणबसवेश्वर १७४६ साली जेवर्गी तालुक्यातील अरळगुंडगी गावी शेतकऱ्याच्या घरी जन्मले. पिकावर बसणाऱ्या पाखरांस त्यांनी कधी हाकलले नाही, उलट त्यांच्यासाठी पाणी ठेविले, तरी इतरांपेक्षा त्यांचेच पीक अधिक आले, अशी आख्यायिका सांगतात. दारी आलेल्या प्रत्येकास अन्न देणे, आणि ते उपकार म्हणून न देता स्वतःस दास समजून देणे, हा त्यांचा दासोह. १८२२ साली कलबुर्गीत त्यांनी देह ठेविला. आज जे देवालय आहे ते त्यांच्या समाधीचे स्थान.

संस्थानचे सातवे अधिपती दोड्डप्पा अप्पा यांनी १९३४ साली शरणबसवेश्वर विद्यावर्धक संघ स्थापिला. त्या सालाचा अर्थ नीट ध्यानी घ्यावयास हवा. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर सर्व शिक्षण उर्दूतून चाले. अशा काळी देवस्थानच्या उत्पन्नातून देशी भाषेची शाळा चालविणे, त्यातही मुलींच्या शिक्षणास हात घालणे, हे धैर्याचे होते. अन्नाच्या दासोहाला विद्येचा दासोह जोडला असे संस्थानातील लोक म्हणतात. म्हणणे अगदी यथार्थ आहे. दोड्डप्पांच्या पश्चात १९८३ साली शरणबसप्पा गादीवर आले. त्यांनी ते रोपटे एवढे वाढविले की शिशुवर्गापासून थेट विद्यापीठापर्यंत संस्थांची मालिका उभी राहिली. २०१७ साली शरणबसव विद्यापीठ झाले व ते त्याचे कुलाधिपती झाले. मातोश्री गोदुताई यांच्या नावाने मुलींचे महाविद्यालय आहे. गोदुताई हे नाव उच्चारून पाहावे. ते कानडी की मराठी हे कोणी ठरवावे?

संस्थानची गादी गृहस्थाश्रमी परंपरेची आहे, पित्याकडून पुत्राकडे जाणारी. अप्पांच्या नंतर त्यांचे बालवयातील चिरंजीव नववे पीठाधिपती झाले. म्हणजे गादी रिकामी राहिली नाही. परंतु १९४८ पूर्वीचे गुलबर्गा ज्याने बाराव्या वर्षापर्यंत डोळ्यांनी पाहिले, वडिलांची शाळा उर्दू अंमलात कशी चालली हे घरातच अनुभवले, तो मनुष्य गेला, ती जागा वारसाहक्काने भरून निघणारी नव्हे. अप्पांवरील मृत्युलेखांत विशेषणे विपुल होती. दानशूर, शिक्षणमहर्षी, चालता-बोलता देव. भक्ताच्या तोंडी ती शोभतात. पण १९४० च्या दशकात संस्थानच्या शाळेत शिक्षक कोण होते, त्यांस पगार कोठून मिळे, सरकारी तपासनीस आला म्हणजे काय होई, हे त्यांना कोणी बसून विचारले होते काय, असा प्रश्न माझ्या मनात वारंवार येतो.

भालकीचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरु यांच्याविषयी अशी एक गोष्ट टिकून राहिली आहे. बाहेर उर्दू शाळेची पाटी लावावयाची आणि आत मुलांस कानडी शिकवावयाचे, असा क्रम त्यांनी चालविला होता. १८८९ साली कमलनगर येथे जन्मलेले हे स्वामी १९९९ साली, वयाच्या एकशे दहाव्या वर्षात, लिंगैक्य झाले. पाटीची ही एक गोष्ट आज सर्वांस ठाऊक आहे, कारण ते दीर्घायुषी होते आणि लोकांना विचारावयास पुष्कळ अवधी मिळाला. तशाच कितीएक गोष्टी अन्य मठांत, देवळांत, वकिलांच्या माडीवर घडल्या असतील. मराठी शाळांच्याही.

आता चपळगावकर. त्यांच्या आडनावातील चपळगाव हे गाव अक्कलकोट तालुक्यात, म्हणजे गुलबर्ग्याच्या शिवेवरच आहे. १४ जुलै १९३८ रोजी बीड येथे जन्म. प्रथम मराठीचे अध्यापन, मग वकिली, आणि १९९० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठावर न्यायाधीशपद. २०२३ च्या फेब्रुवारीत वर्धा येथे भरलेल्या ९६ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. हे सारे वृत्तपत्रांनी छापले. मला त्यांचे निराळेच ऋण वाटते. न्यायदानाच्या उद्योगातून मोकळे झाल्यावर मनुष्य विश्रांती घेतो, किंवा लवादाची कामे करतो. यांनी गेलेल्या माणसांचे दप्तर उघडले. ‘कर्मयोगी संन्यासी’ हे स्वामी रामानंद तीर्थांचे चरित्र, अनंत भालेरावांचे चरित्र, न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांवरील ग्रंथ, ‘संस्थानी माणसं’, ‘मनातली माणसं’. नुसती नावे वाचली तरी ध्यानात येते की हा लेखक माणसांच्या मागे लागला होता. आणि ही माणसे बहुतांशी अशी की ज्यांचे राज्य नाहीसे झाल्यामुळे त्यांना आपले म्हणणारे कोणी उरले नव्हते.

केशवराव कोरटकरांचेच पाहा. १८६७ साली जन्मलेले हे गृहस्थ मूळचे परभणीकडचे. वकिलीचा आरंभ गुलबर्ग्यात. पुढे हैदराबादेत थोर वकील व तेथील उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. १९३२ साली मृत्यू. हैदराबादच्या विवेकवर्धिनी शाळेच्या पाठीशी ते उभे होते. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय १९०७ साली निघाले तो हाच काळ व हेच वारे. आता अशा माणसाचे चरित्र कोणी लिहावे? जन्मगाव महाराष्ट्रात, वकिलीचे पहिले गाव कर्नाटकात, कर्मभूमी तेलंगणात. तिन्ही राज्यांनी एकमेकांकडे बोट दाखवावे अशी ही स्थिती. चपळगावकरांनी ते काम उचलले याचे एक कारण, माझ्या मते, ते न्यायाधीश होते हेच. अधिकारक्षेत्र कोणाचे या वादात मूळ दावाच निकालात निघतो, हे न्यायालयात बसलेल्या माणसाला चांगले ठाऊक असते.

स्वामी रामानंद तीर्थांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. १९०३ साली विजापूर जिल्ह्यातील सिंदगीस जन्म. हिप्परगे व अंबाजोगाई येथील राष्ट्रीय शिक्षणाचे कार्य. १९३८ पासून हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेतृत्व, आणि अनेक कारावास. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत ते गुलबर्ग्याचे प्रतिनिधी होते, पुढच्या लोकसभेत औरंगाबादचे. एकच मनुष्य, लागोपाठच्या दोन निवडणुका, आणि मधल्या काळात दोन मतदारसंघांमध्ये राज्याची सीमा उभी राहिली; ती उभी राहावी, हैदराबादचे भाषावार विसर्जन व्हावे, असे स्वतः स्वामीजींचेच मत होते. आज नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्या गुलबर्ग्याने त्यांना प्रथम दिल्लीस पाठविले तेथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस त्यांच्याविषयी विचारून पाहावे. मी विचारले आहे; उत्तर लिहिण्यासारखे नाही.

चपळगावकरांच्या लेखनाची रीत आमच्या धंद्याशी जुळती होती. मृत्युलेख म्हटला की आपल्याकडे लेखणी पहिल्याच ओळीत गहिवरते. त्यांच्या लेखनात आदर असे, गहिवर नसे. साक्षीदार काय म्हणतो, त्याला ते ठाऊक असण्याचा संभव किती, विरुद्ध बाजूचे म्हणणे काय, हे पाहून मग मत द्यावयाचे. हैदराबादच्या लढ्यात काँग्रेसअंतर्गत तट होते. स्वामीजींचा एक गट, बुर्गुल रामकृष्णरावांचा दुसरा. लढ्याचा इतिहास लिहिताना हे झाकण्याचा मोह अनेकांस पडतो. तो मोह आवरणारे लेखक थोडे, आणि चपळगावकर त्या थोड्यांपैकी.

या मासिकाच्या कोकणी वाचकांसाठी एक गोष्ट येथे नमूद करतो. ‘तीन न्यायमूर्ती आणि त्यांचा काळ’ या त्यांच्या ग्रंथातील तिघे म्हणजे रानडे, तेलंग व चंदावरकर. तिघांपैकी दोघे सारस्वत, आणि नारायण गणेश चंदावरकर तर होन्नावरचे, १८५५ सालचा जन्म. तेलंग १८९३ साली अकाली वारले तेव्हा मुंबई उच्च न्यायालयातील त्यांच्या जागी रानडे आले. रानडे १९०१ साली गेले तेव्हा त्यांच्या जागी चंदावरकर. प्रत्येक जण आपल्या आधीच्या मित्राच्या मृत्यूने रिकाम्या झालेल्या आसनावर बसला. उत्तर कानडातील मुलगा मुंबईस येऊन मराठी समाजसुधारणेचा धुरीण होतो, आणि बीडचा न्यायाधीश शंभर वर्षांनी त्याचे चरित्र लिहितो. या व्यवहारात कोठेही सीमा आडवी आली नाही.

आमच्या देवस्थानांची तर ही जुनीच रीत आहे. गुरुचरित्राचे पारायण मराठी घराघरांत होते. त्याचे कर्ते सरस्वती गंगाधर यांची मातृभाषा कानडी होती असे अभ्यासक मानतात, आणि ज्या गाणगापुरात नृसिंह सरस्वती राहिले ते अफजलपूर तालुक्यात आहे. बसवकल्याणजवळील लाडवंतीस १८१७ साली जन्मलेले माणिकप्रभू यांनी हुमनाबादेजवळ जे पीठ स्थापिले त्याला सकलमत संप्रदाय म्हणतात. प्रभूंची पदे मराठीत आहेत, कानडीत आहेत, हिंदुस्थानीत आणि संस्कृतातही आहेत. तेथील सिद्धराज माणिकप्रभू १९४५ साली गादीवर आले आणि २००९ पर्यंत होते, म्हणजे निजाम, मध्यंतरीचे हैदराबाद राज्य, म्हैसूर व कर्नाटक अशा चार कारभारांत एकच महाराज. अशा माणसाच्या स्मरणात केवढा इतिहास साठलेला असेल!

आता आमच्या कायद्यातील एक तत्त्व सांगतो, कारण त्यावाचून माझे म्हणणे पुरे होत नाही. मृत मनुष्याचे विधान पुरावा म्हणून केव्हा घ्यावे याचे नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ३२ व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते २६ व्या कलमात आहेत. त्यांतील एक नियम रूढीविषयी व सार्वजनिक हक्काविषयी आहे. गावची वहिवाट कोणती, देवळाची पालखी कोणत्या रस्त्याने जाते, अशा गोष्टीविषयी जाणत्या मनुष्याने व्यक्त केलेले मत तो मेल्यावरही ग्राह्य धरता येते. अट अशी की ते मत त्याविषयीचा वाद उत्पन्न होण्यापूर्वी व्यक्त केलेले असावे. वाद सुरू झाल्यावर प्रत्येक जण कोणत्या तरी बाजूचा होतो, आणि त्याची स्मृती नकळत त्या बाजूस झुकते. हे शहाणपण कायद्याने मनुष्यस्वभाव पाहूनच घेतलेले आहे.

सीमाप्रश्नाचा वाद १९५६ पासून चालू आहे. महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्या दाव्यातील गावांत बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील गावेही आहेत. त्या वादात कोण खरे यावर मला येथे काही म्हणावयाचे नाही; प्रकरण न्यायप्रविष्ट आहे आणि मी वकील आहे. मला एवढेच दिसते की वादापूर्वीचे साक्षी संपत आले. १९४८ साली दहा वर्षांचा असलेला मनुष्य आज नव्वदीच्या घरात आहे. १९५६ च्या पूर्वी या मुलखात देवळात आरती कोणत्या भाषेत होई, कीर्तनकार कोठून येई, बाजारात हिशेब कोणत्या लिपीत लिहीत, हे कोणाचीही बाजू न घेता सांगू शकणारे आता अगदी थोडे उरले आहेत.

यात केवळ भावनेचा प्रश्न नाही. देवस्थानच्या इनाम जमिनीचा दावा चालविताना जुने मुंतखब पुढे येते. निजामी अतियात खात्याने इनाम मान्य करून दिलेला तो दाखला असतो, उर्दूत, वळणदार अक्षरात. १९५२ चा अतियात चौकशीचा कायदा व त्यामागोमाग आलेला इनाम निर्मूलनाचा कायदा, यांच्या आधारे चाललेल्या अनेक प्रकरणांचे मूळ त्या एका कागदात असते. आमच्या वकीलमंडळींत तो सरळ वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत. भाषांतर करून घ्यावे तर जमिनीच्या खुणा सांगणारा ओढा, चिंच, वाट, मशिदीची भिंत यांपैकी आज काय कोठे होते हे सांगावयास म्हातारा मनुष्य लागतो. माझ्याकडील एका देवस्थानाच्या प्रकरणात असा मनुष्य होता. तारीख लांबली, आणि तो साक्षीच्या पिंजऱ्यात येण्यापूर्वीच गेला. पुजाऱ्याच्या वहीत त्याने सांगितलेल्या दोन ओळी होत्या, एवढाच आम्हांस आधार मिळाला.

दरवर्षी १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्याचा दिवस तिन्हीकडे पाळतात. महाराष्ट्रात तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. कर्नाटकात पूर्वी विमोचन दिन होता, २०१९ पासून कल्याण कर्नाटक उत्सव दिन. तेलंगणात त्याचे नाव काय असावे यावर पक्षापक्षांत अद्याप एकमत नाही. घटना एक, नावे अनेक. प्रत्येक ठिकाणी ध्वजारोहण होते, भाषणे होतात, आणि भाषणांत आपापल्या बाजूचे हुतात्मे येतात. चपळगावकर हे असे एक लेखक होते की ज्यांच्या पुस्तकांत तिन्हीकडची माणसे एका जागी भेटत. ती पुस्तके कानडीत गेली पाहिजेत. आणि शरणबसवेश्वर संस्थानचा शिक्षणाचा इतिहास, भालकीच्या मठाचा इतिहास मराठीत आला पाहिजे. हे काम सरकार करील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. ज्या देवस्थानांकडे मुद्रणालये आहेत, मासिके आहेत, दोन्ही भाषा जाणणारे भक्त आहेत, त्यांना ते सहज करता येईल.

तोवर निदान एवढे करता येईल. गाणगापूर, माणिकनगर, कलबुर्गी येथे जाणाऱ्या आमच्या वाचकांनी दर्शन झाल्यावर तेथील ऐंशी-नव्वद वर्षांच्या पुजाऱ्याजवळ किंवा सेवेकऱ्याजवळ घटकाभर बसावे, १९५६ पूर्वीचे काय आठवते ते विचारावे, आणि तो ज्या भाषेत सांगेल त्याच भाषेत वहीत उतरून घ्यावे. खाली सांगणाऱ्याचे नाव, गाव, तारीख घालावी. आणि त्याचे वय. ते लिहावयास विसरू नये, न्यायालयात पहिला प्रश्न तोच येतो.